कापडाच्या वखारीत फौज

कॅपेल स्ट्रीट लिफी नदीपासून चढत वर येतो आणि बोल्टन स्ट्रीटला मिळतो. तिथून डावीकडे वळा. साल १७२९, महिना नोव्हेंबर, गाव डब्लिन. पाऊस थांबलाय, पण हवेतली ओल हाडांत शिरतेय. चिखलात रुतलेल्या गाड्या, घोड्यांच्या पाठीवरून निघणाऱ्या वाफा, उत्तरेकडून आलेल्या गाडीवानांचा आरडाओरडा. तुमच्या अंगावर छापील सुती सदरा असेल, तर कोटाची बटणं वरपर्यंत लावून घ्या. कायदा इथे तुमच्या आड येणार नाही, पण हे गाव सध्या कापडाच्या बाबतीत फार हळवं आहे.

थोड्याच दिवसांपूर्वी आयरिश पार्लमेंटच्या कॉमन्स सभागृहाचा माजी स्पीकर विल्यम कॉनॉली वारला. देशातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून त्याची ख्याती. त्याच्या अंत्ययात्रेत मंडळींच्या खांद्यांवर पांढऱ्याशुभ्र लिननचे पट्टे होते. देशी कापडाला गिऱ्हाईक मिळावं म्हणून ते मुद्दाम वाटले होते. पुढे मोठ्या माणसांच्या अंत्ययात्रेत ही प्रथाच पडली. काही वर्षांपूर्वी सेंट पॅट्रिक कॅथेड्रलच्या डीनने, जोनाथन स्विफ्टने, एका कापडवाल्याच्या नावाने पत्रकं लिहून इंग्लंडहून येऊ घातलेल्या तांब्याच्या नाण्यांविरुद्ध अख्खं गाव उठवलं. कापडवाल्याचा मुखवटा त्याने उगाच नव्हता घेतला. या गावात कापड म्हणजे पोट, आणि पोटाच्या आडून राजकारणही.

गाड्या जिथे वळताहेत, तिकडे तुम्हीही वळा. समोर लिनन हॉल. उघडून जेमतेम वर्ष झालंय. पहिली दारं उघडली ती १४ नोव्हेंबर १७२८ ला. मोठं फाटक ओलांडून आत शिरलात की पहिल्यांदा जाणवेल तो आवाजातला बदल. रस्त्यावरचा गोंगाट भिंतीपलीकडे राहतो आणि चौकातला आवाज चारही बाजूंनी परत येतो. दगडी चौक, त्याभोवती कमानींचे ओटे, ओट्यांच्या वर सज्जे आणि सज्ज्यांवर उघडणाऱ्या, एकसारख्या, ओळीने लावलेल्या खोल्या. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत ही इमारत वाढत जाईल. एका चौकाचे सहा होतील, खोल्या ५०० च्या वर जातील, व्यापाऱ्यांना बसायला कॉफीची मोठी खोली होईल, लिननच्या धंद्यावर देखरेख करणाऱ्या लिनन बोर्डाच्या विश्वस्तांसाठी सभेचं दालन होईल. आखणी मात्र हीच राहील: चौक, कमान, सज्जा, खोली, कुलूप.

एका खोलीच्या उंबऱ्याशी थांबून बघा. उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतातल्या कुठल्याशा खेड्यातून आलेला कापडवाला तागा सोडतोय. ताग्यात साधारण २५ यार्ड कापड. समोरचा अडत्या बोलत नाही. तो काठ चिमटीत धरतो, कापड दाराच्या उजेडाकडे उचलतो, कुठे सूत जाड झालंय, कुठे धागा तुटून गाठ आलीय ते शोधतो. परवानगी घेऊन तुम्हीही हात लावा. उन्हाळ्यात अंगाला हवंहवंसं वाटणारं हे कापड नोव्हेंबरात बर्फासारखं लागतं. त्याची चकाकी कापडाची स्वतःची नव्हे, ती लाकडी ठोकळ्यांखाली तासन्‌तास कुंदी करून आणलेली. आणि पांढरा रंग? माग सोडला तेव्हा हे कापड मातकट तपकिरी होतं. राखेच्या पाण्यात उकळायचं, कुरणावर अंथरायचं, ताकात भिजत घालायचं, साबणाने चोळायचं, पुन्हा कुरणावर. हे चक्र सगळा उन्हाळा चालतं. नाक जवळ नेलंत तर नव्या ताग्यात आंबूस वास लागेल. विदर्भात शेतं निळी करणारं जवस आणि या कापडाचं झाड एकच, फक्त इथे ते तेलासाठी नव्हे, देठातल्या धाग्यासाठी पेरतात.

या वखारीच्या पायात आपल्याकडच्या कापडाचाही एक दगड आहे. इंग्लंडने १६९९ साली आयर्लंडच्या लोकरी कापडाची बाहेरची वाट बंद केली, कारण ते इंग्रज विणकरांच्या पोटावर येत होतं. त्याआधी १६९६ मध्ये आयरिश लिननला मात्र इंग्लंडात जकात माफ झाली होती. १७०० च्या कायद्याने हिंदुस्थानातून जाणाऱ्या छापील सुती कापडाची आयात रोखली. तरी बायका छापील सुती कपडे घालतच होत्या. १७१९ मध्ये लंडनच्या विणकरांनी रस्त्यात त्यांच्या अंगावरचे कपडे फाडले. मग १७२१ चा कायदा आला, आणि १७२२ च्या नाताळापासून तिथे छापील सुती कापड अंगावर दिसलं की ५ पौंड दंड. ज्या घरांत सुरतेचं कापड जात होतं, तिथे आता काहीतरी दुसरं हलकं, धुता येणारं कापड हवं होतं. लिनन त्या जागेत शिरलं. म्हणून म्हटलं, बटणं लावून घ्या. या चौकातली बरकत काही अंशी गुजरात आणि कोरोमंडलच्या विणकरांच्या हातून काढून घेतलेल्या बाजारावर उभी आहे, आणि आयर्लंडच्या लोकर विणणाऱ्यांच्याही. एकाचं बंद करायचं, दुसऱ्याला थोडं उघडून द्यायचं, हा साम्राज्याचा हिशेब इथे दगडात बांधलेला दिसतो.

बाहेर पडण्याआधी मान वर करून कमानी नीट पाहून ठेवा. ही इमारत बांधण्याचं श्रेय ज्याला देतात तो थॉमस बर्ग, आयर्लंडचा सर्व्हेअर जनरल. तरुणपणी फौजेत इंजिनिअर होता. ट्रिनिटी कॉलेजची लांबलचक लायब्ररी त्याचीच. आणि इथून पायी पंधरा-वीस मिनिटांवर, नदीच्या याच काठावर, पाव शतकापूर्वी त्याने रॉयल बराक्स उभारल्या: कमानींचे ओटे असलेले चौक, भोवती खोल्यांच्या लांब रांगा, एक फाटक, फाटकावर पहारा. फौजेचं घर बांधलेल्या हातानेच कापडाचं घर बांधलं. दोन्हीकडे त्याच्यापुढचा प्रश्न एकच होता. खूप मोठ्या संख्येने असलेली, मोजून ठेवायची, चोरीला किंवा पळून जाऊ द्यायची नाही अशी गोष्ट एका भिंतीत कशी ठेवायची? तागे आणि शिपाई या दोघांनाही त्याने जवळपास एकच उत्तर दिलं.

आता पन्नास-पंचावन्न वर्षं पुढे चला. १७८० चं दशक. चौक तेच, पण चालायला वाट काढावी लागते. लिस्बर्न, लर्गन, कोलरेन इथून माल येतोय. बाहेरच्या गल्ल्यांना नावंही याच गावांची मिळालीत. कॉफीच्या खोलीत बसा. इथे सौदे होतात, लंडनच्या पेढ्यांवर हुंड्या लिहिल्या जातात, सात-सात महिन्यांची उधारी ठरते. शतकाच्या सुरुवातीला वर्षाला वीसेक लाख यार्ड लिनन देशाबाहेर जायचं. शतक संपता संपता ते चार कोटी यार्डांच्या वर जाईल.

पण याच खोलीच्या कोपऱ्यात उत्तरेकडचे कापडवाले चिडून बसलेत. बोर्डाचे नवे नियम, शिक्क्यांची सक्ती, डब्लिनच्या अडत्यांची अडत. शंभर मैल माल गाडीवर घालून आणायचा आणि इथल्या दलालाच्या तोंडाकडे बघत बसायचं. का म्हणून? थोड्याच दिवसांत ही मंडळी उठून जातील. न्यूरीला १७८३ मध्ये त्यांचा स्वतःचा हॉल उभा राहील, बेलफास्टला १७८५ मध्ये. बेलफास्टच्या धक्क्यावरून गलबत थेट इंग्लंडला जातं. मग डब्लिनचा वळसा कशाला? वखारीचं मरण तिच्या भरभराटीतच सुरू होतं. त्या दिवशी चौकात माल इतका असतो की ते कुणाच्या ध्यानात येत नाही.

पुढची चाळीस वर्षं चटकन ओलांडू. १८०१ मध्ये डब्लिनचं पार्लमेंट लंडनच्या पार्लमेंटात विरून गेलं, आणि त्याच्याबरोबर राजधानीतली पत, पैसा, माणसंही. १८२८ मध्ये लिनन बोर्ड बरखास्त झालं. त्याच साली बेलफास्टला मलहॉलंड कुटुंबाची कापसाची गिरणी जळाली, आणि तिच्या जागी दोन वर्षांत यंत्रावर लिननचं सूत काढणारी गिरणी उभी राहिली. हातचरखा, खेडं, गाडी, डब्लिन ही साखळी तिथे तुटली. तुम्ही चौकात उभे आहात आणि ५०० खोल्यांची दारं बंद आहेत. सज्ज्यांवरून पावसाचं पाणी गळतंय. दगडांच्या फटींत गवत. रिकाम्या इमारती सगळीकडेच असतात. पण इतकी भक्कम, इतकी बंदिस्त, एका फाटकाने आवरता येईल अशी रिकामी इमारत सरकारच्या नजरेतून सुटत नाही.

१८७० च्या दशकात ती फौजेकडे गेली. आता तिचं नाव लिननहॉल बराक्स.

आत या. फाटकावर संत्री आहे. पूर्वी इथे द्वारपाल असायचा, बाहेर जाणारा तागा नोंदवून घ्यायचा. आता बाहेर जाणारा शिपाई नोंदवला जातो. चौकात कवायत. कमानींच्या ओट्याखाली, पूर्वी गासड्या कोरड्या राहाव्यात म्हणून ठेवत तिथे, पावसाच्या दिवशी शिपाई बंदुका साफ करत बसतात. वरचे सज्जे तर बराकीसाठीच बांधल्यासारखे: खोलीतून निघालं की लगेच रांग. वखारीचं बराकीत रूपांतर करायला लागलं किती थोडं, हे पाहून चक्रावायला होतं. इमारतीच्या अंगरख्याला हात लावायची गरज पडली नसावी. वास्तुशास्त्राच्या पुस्तकांत अशा बदलावर फारसं लिहिलेलं नसतं, पण मला ते फार बोलकं वाटतं. बाजार आणि लष्कर यांच्या गरजा किती एकमेकांत बसतात, ते नकाशाच सांगतो.

फरक पडतो तो खोलीच्या आत. कापडाला हवा लागत नाही. त्याला कोरडेपणा हवा, ऊन नको, धूळ नको. खिडक्या जितक्या कमी तितकं बरं. माणसाला श्वास घ्यावा लागतो. ही गोष्ट ब्रिटिश फौजेला बऱ्याच उशिरा, क्रिमियाच्या युद्धानंतर कळली. शांततेच्या काळातही बराकीतले तरणेबांड शिपाई क्षयाने आणि तापाने बाहेरच्या तरुणांहून जास्त मरत होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने आकडे मांडून ते दाखवलं आणि १८५८ च्या रॉयल कमिशनने दर शिपायामागे ६०० घनफूट हवेची शिफारस केली. आता वखारीच्या खोलीत उभं राहून हिशेब करा. समजा खोली २० फूट लांब, २० फूट रुंद, छत १० फुटांवर. म्हणजे ४००० घनफूट, म्हणजे नियमाने फक्त सहा माणसं. जिथे तागे छताला भिडेपर्यंत रचत, तिथे आता सहा लोखंडी खाटा, आणि त्याच जागेत जेवण, कपडे, बूट, तंबाखूचा धूर, रात्रीची बादली. दिवसा खाटा दुमडून अर्ध्या करतात, पेंढ्याच्या गाद्या गुंडाळून वर ठेवतात. भिंतीवर फळी, फळीवर घडी घातलेला कोट. घडी एक बोटही वाकडी चालत नाही. जुना अडत्या असता तर त्याला ही घडी ओळखीची वाटली असती.

एक गोष्ट आपल्या माणसांनी इथे जाणून घ्यावी अशी आहे. १८८१ मध्ये ब्रिटिश फौजेची फेररचना झाली आणि डब्लिनच्या नावाने एक रेजिमेंट तयार झाली, रॉयल डब्लिन फ्युजिलिअर्स. तिच्या दोन्ही मूळ पलटणी आल्या हिंदुस्थानातून. पहिली म्हणजे कंपनीच्या मद्रास फौजेची गोरी पलटण, आणि दुसरी मुंबईची. मुंबईच्या पलटणीचं मूळ थेट १६६० च्या दशकात, मुंबई बेट पोर्तुगिजांकडून आंदण मिळालं तेव्हा इंग्लंडहून आलेल्या शिपायांपर्यंत जातं. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीच्या माळावर बापू गोखल्यांच्या घोडदळासमोर जी गोरी पलटण उभी होती ती हीच. म्हणून डब्लिनच्या या रेजिमेंटच्या निशाणावर प्लासी आणि बक्सारच्या ओळीत ‘किरकी’ असं नाव भरलेलं होतं. पेशवाई जिथे संपायला लागली त्या गावाचं नाव डब्लिनचे गरीब कॅथलिक पोरगे निशाणावर मिरवत होते. त्यातल्या कितीजणांना खडकी कुठे आहे हे ठाऊक असेल? भरती होण्याचं कारण मात्र त्यांना पक्कं ठाऊक होतं: रोज जेवण मिळतं.

जुलै १९१४ मध्ये या. फाटक सताड उघडं आहे, आणि आत चक्क साधी माणसं फिरताहेत. बराकीत नगररचनेचं प्रदर्शन भरलंय. भिंतींवर जगभरातल्या शहरांचे नकाशे, आराखडे, जुनी चित्रं. त्यामागचा माणूस म्हणजे दाढीवाला, सतत बोलणारा स्कॉटिश पॅट्रिक गेडेस. डब्लिनची पुनर्रचना कशी करावी याची स्पर्धाही लावलीय. तिचं बक्षीस पुढे पॅट्रिक अबरक्रॉम्बी आणि त्याच्या साथीदारांना मिळेल.

प्रदर्शनासाठी याहून योग्य जागा शोधूनही मिळाली नसती. फाटकातून बाहेर पडून पाच मिनिटं चालत चर्च स्ट्रीटला गेलात तर सप्टेंबर १९१३ मध्ये कोसळलेल्या दोन चाळींच्या जागा दिसतील. सात माणसं त्यांत मेली. एकेकाळी सरदार-उमरावांची असलेली ती घरं खोली-खोलीने भाड्याने गेली होती. सरकारी चौकशीत निघालं की डब्लिनमध्ये २०,००० हून अधिक कुटुंबं एकेका खोलीत राहतात. ज्या शहरात शिपायाला ६०० घनफूट हवेचा नियम होता, तिथल्या मजुराला कसलाच नव्हता. गिरणगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीत ज्यांचे आजी-आजोबा राहिले, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

प्रदर्शन चालू असतानाच, २६ जुलैला, आयरिश स्वयंसेवकांनी होथ बंदरात जर्मनीहून आणलेल्या बंदुका उतरवल्या. त्या दिवशी परतणाऱ्या फौजेने बॅचलर्स वॉकवर जमावावर गोळ्या झाडल्या आणि तीन माणसं जागीच ठार झाली. ४ ऑगस्टला ब्रिटन महायुद्धात उतरलं. गेडेस शरद ऋतूत हिंदुस्थानला निघाला. त्याचं प्रदर्शन दुसऱ्या बोटीने येत होतं, ती बोट जर्मन क्रूझर एमडेनने ऑक्टोबरात हिंदी महासागरात बुडवली. या बराकीतल्या भिंतींवर तुम्ही आत्ता जे नकाशे पाहिलेत, त्यातला मोठा ठेवा असा समुद्राच्या तळाशी गेला. मित्रांनी मिळेल तिथून नव्याने सामान जमवून पाठवलं आणि गेडेसने १९१५ मध्ये मद्रासला प्रदर्शन उघडलंच. त्याच वर्षी त्याने मुंबई इलाख्यातल्या सहा शहरांवर अहवाल लिहिले. ठाण्यासारख्या गावात तळी बुजवू नका, जुन्या गल्ल्या सरसकट पाडू नका, आधी माणसं कशी राहतात ते पायी हिंडून पाहा, हा त्याचा धोशा होता. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला तो त्याच्याच हाताखाली, आणि पुढे तो विभाग ज्यांनी वाढवला ते मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये त्याच्याच शिफारशीने परदेशी शिकायला गेले. डब्लिनच्या रिकाम्या वखारीतून मुंबईपर्यंत अशीही एक वाट येते, आणि मला ती निशाणावरच्या ‘किरकी’हून जवळची वाटते.

आता शेवटची उडी. बुधवार, २६ एप्रिल १९१६. ईस्टरच्या सोमवारी, २४ तारखेला, डब्लिनच्या पोस्ट ऑफिससमोर प्रजासत्ताकाचा जाहीरनामा वाचला गेला. त्याला आज तिसरा दिवस. न्यायालयांच्या इमारतीपासून चर्च स्ट्रीट आणि नॉर्थ किंग स्ट्रीटपर्यंतचा सगळा पट्टा एडवर्ड डेलीच्या बंडखोर बटालियनच्या ताब्यात आहे. डेली पंचवीस वर्षांचा. गल्ल्यांच्या तोंडाशी कपाटं, गाड्या, पिंपं, पलंग रचून अडथळे केलेत. तुम्ही भिंतीला चिकटून चला.

लिननहॉल बराकीत त्या दिवशी लढाऊ पलटण नाही. पगाराचे हिशेब ठेवणारे आर्मी पे कोअरचे चाळीसेक कारकून आहेत, तेही निःशस्त्र. ज्या इमारतीत कधीकाळी ताग्यांचे आणि अडतीचे हिशेब चालत, तिथे शेवटी पुन्हा वहीवालेच उरले होते. डेलीची माणसं शरण यायला सांगतात. आतून नकार. मग भिंतीला सुरुंग लावतात. धमाका होतो, दगड उडतात, आणि थोड्याच वेळात पांढरं निशाण बाहेर येतं. कैदी बाहेर काढले जातात.

बराक हाती तर आली, पण ती राखायला माणसं कुठून आणायची? पाचशे खोल्यांना पाचशे खिडक्या, आणि डेलीकडे मोजकी पोरं. ती सोडून गेलं तर फौज परत घुसणार. मग निर्णय होतो: जाळा. खोलीत जे जळण्यासारखं ते एकत्र केलं जातं, त्यावर तेल ओतलं जातं.

थोडं मागे सरका. जवळपास दोनशे वर्षांची जुनी लाकडं आहेत ही. बर्गने कापडाला ओल लागू नये म्हणून जे जे केलं, ते सगळं आता आगीच्या बाजूने आहे. सज्ज्यांच्या लांब मार्गिका धुराड्यासारख्या हवा ओढतात. चौकांमधून ज्वाळा वर चढतात, छपरं आत कोसळतात, आणि प्रत्येक कोसळण्याबरोबर ठिणग्यांचा थवा शेजारच्या वस्तीवर जातो. बोल्टन स्ट्रीटकडच्या बाजूला घाऊक औषधवाल्याचं गोदाम आहे, तेलांनी भरलेलं. आग तिथे पोहोचली की पिंपं एकामागून एक फुटू लागतात. त्या रात्री आजूबाजूच्या गल्ल्यांत दिवा लावायची गरज नव्हती. चाळींमधली माणसं पोरांना पोटाशी धरून जिन्यांवर बसलीत. पाण्याचा बंब येण्यासारखी परिस्थिती नाही. गुरुवार गेला, शुक्रवार उजाडला, तरी ढिगाऱ्यातून जाळ निघतच होता.

या दिवसांबद्दल लिहिताना सगळा झोत बंडखोरांच्या शौर्यावर जातो, आणि ते शौर्य होतंच. पण या आगीच्या उजेडात शेजारच्या नॉर्थ किंग स्ट्रीटवर काय घडलं तेही पाहायला हवं. साउथ स्टॅफर्डशर रेजिमेंटला ही गल्ली काबीज करायची होती. घरामागून घर, भिंती फोडत ते पुढे सरकत होते. शुक्रवार-शनिवारी, २८ आणि २९ एप्रिलला, त्यांनी या घरांत सापडलेल्या पंधरा निःशस्त्र पुरुषांना मारलं. कुणी बंडखोर नव्हतं. घरात लपून बसलेली कामाची माणसं होती. कुणालाही त्याबद्दल शिक्षा झाली नाही. शनिवारी बंडखोरांनी शस्त्रं खाली ठेवली, आणि ४ मे ला किलमेनहॅमच्या तुरुंगाच्या आवारात डेलीला गोळ्या घातल्या.

तुम्हाला परत आजच्या दिवसात यायचं असेल तर कोलरेन स्ट्रीटवर या. लिनन हॉलपैकी एक दगडी प्रवेशद्वार तेवढं उरलंय, आणि गल्ल्यांची नावं: लिननहॉल, लर्गन, लिस्बर्न, यार्नहॉल. उत्तरेकडे न्यूरीच्या लिनन हॉलचंही पुढे असंच झालं होतं. तोही फौजेकडे गेला, आणि त्याचीही कमानच राहिली.

पण कमान पाहून समाधान होणार नाही, कारण कमानीत माणूस राहत नाही. बर्गचा चौक आतून कसा होता हे पाहायचं तर इथून पंधरा-वीस मिनिटं चालत रॉयल बराक्सला जा. डिसेंबर १९२२ मध्ये ब्रिटिश फौजेने ती सोडली. आयरिश फौजेने तिला मायकल कॉलिन्सचं नाव दिलं. डब्लिन फ्युजिलिअर्स त्याच वर्षी मोडीत निघाली होती. ‘किरकी’ लिहिलेली तिची निशाणं जूनमध्ये विंडसरच्या राजवाड्यात राजाकडे जमा झाली. कॉलिन्स बराक्समध्ये १९९७ पासून राष्ट्रीय संग्रहालय आहे. फौजेसाठी बांधलेल्या खोल्यांत आता चांदीची भांडी, जुनी कपाटं आणि कपडे मांडून ठेवलेत. त्यांना कोरडेपणा हवा, ऊन नको, धूळ नको. क्लार्क स्क्वेअर नावाच्या चौकात उभे राहा. भिंतीवर कवायतीच्या पावलांचे आकडे लिहिलेले दिसतील, दहापासून शंभरपर्यंत. तेवढं अंतर चालून बघा, मग कमानीखाली जाऊन वरच्या खिडक्यांची रांग पाहा. तिथे गासड्या आणि अडते उभे करा म्हणजे १७२९ चा लिनन हॉल बऱ्यापैकी डोळ्यांसमोर येतो. प्रवेश फुकट आहे.